मास्तरांनी एक्के का टाकले

१

पत्त्यांत खोट आहे हे सगळ्यांत आधी कळलं ते बाइंडरच्या अंगठ्याला. रविवारचा डाव आटोपला होता, बाकीचे कपबशा विसळायला उठले होते आणि तो सवयीप्रमाणे पानं गोळा करत होता. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस, कागदावर केस पडला तरी त्याला न बघता समजायचं. राजाच्या पानाच्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा थबकला. तिथं बारीकसा उंचवटा होता. मग त्यानं दुसरं पान चाचपलं, तिसरं चाचपलं. बावन्नच्या बावन्न पानांचे कोपरे सुईनं टोचलेले होते, आणि प्रत्येक पानावरची टोचणी वेगळी होती.

तो तेव्हा चकार शब्द बोलला नाही. कारण तो पत्त्यांचा कॅट वर्षापूर्वी प्रूफमास्तरांनी आणला होता, आणि प्रूफमास्तर अजून दारातच पायानं चपला चाचपत उभे होते.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला प्रूफमास्तर चौकात गाडीखाली गेले. त्याआधी अर्धाच तास त्यांचे तीन जुने मित्र त्यांना लबाड म्हणाले होते. गावानं दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या आणि निकाल लावून टाकला, की पत्त्यांत लबाडी केली, पकडले गेले, जीव दिला. लोकांना काय, दोन ओळींत बसणारी गोष्ट मिळाली की झालं.

तीन आठवड्यांनी मास्तरांची लेक एका बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. या बाई विमा कंपनीत तीस वर्षं दाव्यांची तपासणी करून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना तपासनीसबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. स्वभाव तिखट. कुणी डोळे पुसत आलं तर आधी खुर्ची द्यायच्या, मग पाणी, आणि मग विचारायच्या की नेमकं काय झालं ते तारखेसकट सांगा.

लेक दूरच्या गावी नोकरीला. बाबांचं हे असं झालं आणि ती धावत आली. तिनं सगळं सांगितलं. तिघांपैकी एकही मित्र शेवटच्या निरोपाला आला नाही, हेही सांगितलं. पण तिचा जीव अडकला होता तो आईत.

"आई तीन आठवडे बोलली नाही बाई," ती म्हणाली. "रडलीसुद्धा नाही. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खाते, उचललं तर उचलू देते. बाबा लबाड असतील तर असू देत. पण ते तिला असं टाकून गेले का, एवढं मला कळलं पाहिजे. नाहीतर तीही जाईल."

बाईंना वाईट वाटलं आणि रागही आला. तीस वर्षांत 'आत्महत्या' हा शब्द त्यांनी किती फायलींवर लिहिला असेल, त्याची गणती नव्हती. प्रत्येक वेळी समोर असं कुणीतरी बसलेलं असायचं.

जाता जाता लेक एक गोष्ट बोलून गेली. तिघा मित्रांपैकी छापखान्यात यंत्र चालवणारे काका तिला रस्त्यात भेटले होते. ते म्हणाले, तुझ्या बाबांचं त्या दिवशी कशातच लक्ष नव्हतं, हातात दोन एक्के आले आणि त्यांनी ते फेकून दिले. तिनं विचारलं, दोन एक्के फेकले म्हणजे काय हो?

बाईंनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे उत्तर त्यांनाही येईना.

२

छापखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती. मागची बांधणीची खोली मात्र मालकानं चौघा जुन्या कामगारांना रविवारी बसायला दिली होती. कागद कापायचं यंत्र चादरीखाली झाकलेलं, भिंतींना अजून खळीचा वास, आणि मधोमध गोल टेबल. टेबलाला चार खुर्च्या होत्या. चौथीवर कुणी बसत नव्हतं आणि तिला हलवतही नव्हतं. बाईंसाठी बाहेरून स्टूल आणलं गेलं.

तिघं जण होते. बाइंडर, ज्याला खोट सापडली तो, जाडजूड आणि अबोल. दुसरा यंत्र चालवणारा, नखांतली शाई मरेपर्यंत जायची नाही म्हणून त्याला शाईनाना म्हणत. बडबड्या. आणि तिसरा कंपोझिटर, म्हणजे छापायच्या मजकुराची शिशाची अक्षरं, ज्यांना खिळे म्हणतात, ती एकेक करून जुळवणारा. मास्तर प्रूफं वाचायचे आणि हा त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं दोघांचं काम एकमेकांवाचून अडायचं. दर रविवारी डाव संपला की दोघं हातात हात अडकवून गप्पा मारत घरी जायचे. कंपोझिटर बाईंच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

बाईंनी सांगून टाकलं, की मला चोर पकडायचा नाही, मला हा खेळ शिकवा. तिघं चक्रावले. पण शिकवायला कंपोझिटरच पुढे झाला.

पोकर, तो म्हणाला. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, ती ज्याची त्यानं बघायची. मग टेबलावर उघडी पानं पडतात. आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि टेबलावरची पाच मिळून सातांतली चांगली पाच धरायची. एकसारखी दोन म्हणजे जोडी. तिच्यापेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून एकसारखी तीन, त्याहून ओळीनं येणारी पाच. वर आणखी पायऱ्या आहेत, पण आज एवढ्या पुरे.

आणि प्रत्येक टप्प्याला लावायचं असतं. पाळी आली की आधीच्यानं लावलं तेवढं आपणही लावायचं, नाहीतर त्यावर वाढवायचं, नाहीतर पानं पालथी टाकून डावातून उठायचं. अजून कुणी काही लावलेलं नसेल तर 'थांबतो' म्हणून पाळी पुढे ढकलता येते. पैसे लावत असाल, बाई कोरडेपणानं म्हणाल्या. त्यावर शाईनानानं एक डबा टेबलावर पालथा केला. शिशाचे खिळे होते. बारीक अक्षर म्हणजे एक, मथळ्याचं मोठं अक्षर म्हणजे दहा. छापखाना मोडीत निघाला तेव्हा चौघांनी मिळून वाचवलेले.

"पैशासाठी कुणी फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं," शाईनाना म्हणाला. "पैसा काय, कुणाची तरी नड असते. खिळ्यांसाठी फसवलं, हे मनाला लागलं."

मग एक डाव झाला. बाईंना राणीची जोडी आली, त्या खूश होऊन लावत गेल्या. शाईनानानं एकदम मूठभर खिळे पुढे ढकलले. त्याच्याकडे काहीतरी मोठं असणार, असं वाटून बाईंनी पानं टाकली. डाव संपल्यावर त्यानं पानं उघडली तर हातात काडीचंही नव्हतं. याला हूल देणं म्हणतात, तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसला. बाई चांगल्याच चिडल्या. पण खेळ त्यांच्या डोक्यात शिरला तो तिथंच. खेळ पानांचा नाहीच, समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, त्याचा आहे.

एक गोष्ट त्यांना खटकली होती. टेबलावर पान उघडं पडलं, की वाटणारा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचा. चौकट अठ्ठी, इस्पिक गुलाम. सगळ्यांसमोर पडलेलं पान ओरडून कशाला सांगायचं, त्यांनी विचारलं. ही मास्तरांनी पाडलेली पद्धत, बाइंडर म्हणाला. वर्ष झालं असेल. प्रूफं तपासताना एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ताडून बघायचं असतं, तसं इथंही करू, असं ते म्हणाले. आम्हाला गंमत वाटली.

शेवटी बाईंनी मुद्द्याला हात घातला. पहिल्या दोन पानांत सगळ्यांत भारी काय, त्यांनी विचारलं. दोन एक्के, कंपोझिटर म्हणाला. ते कुणी टाकतं का, एकही उघडं पान बघायच्या आधी?

"कोणी नाही," तो म्हणाला. "काल खेळायला शिकलेलासुद्धा नाही."

"आणि त्या दिवशी तुम्ही त्यांना लबाड म्हणालात ते आधी, की एक्के टाकले ते आधी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक्के आधी, बाइंडर म्हणाला. आम्ही तर तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

३

म्हणजे झालं होतं ते असं. बाइंडरनं टोचलेला कॅट घरी नेला, आठवडाभरात बाकी दोघांना दाखवला, आणि तिघांनी ठरवलं की मास्तरांना काही न सांगता पुढच्या रविवारी कोराकरकरीत कॅट काढायचा. खुणांशिवाय मास्तर कसे खेळतात ते बघायचं. चार डाव झाले, मास्तरांना वाटायला न देता पानं तिघांनीच वाटली. चारही डावांत मास्तरांनी सुरुवातीलाच पानं टाकली. तिघांना वाटलं, झाली खात्री. खुणा गेल्या तसा खेळही गेला. मग कंपोझिटरनं तोंड उघडलं. मास्तर ऐकून घेऊन नुसते म्हणाले, तुमचं बरोबर आहे, आणि उठले. दर रविवारसारखे दारात थांबले. तेव्हा कंपोझिटर म्हणाला, आज मी तुमच्याबरोबर येत नाही.

बाईंनी दोन गोष्टी मागून घेतल्या. एक तो टोचलेला कॅट आणि दुसरी कंपोझिटरची वही. या चौघांचा एक घरचा नियम होता, जो खऱ्या पोकरात कुणी पाळत नाही. डाव संपला की टाकलेली पानंसुद्धा उघडायची आणि कुणाकडे काय होतं, कुणी किती लावलं, कुणी वाटलं, सगळं वहीत उतरवायचं. छापखान्यातली माणसं, नोंद केल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही.

दोन दिवस बाई ती वही घेऊन बसल्या. शेजारी एका कागदावर जोड्या आणि ओळींच्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. वर्षभराचे डाव होते. एका डावात पानं मास्तरांनीच वाटली होती. टेबलावर नव्वी, अठ्ठी आणि गुलाम पडलेले. मास्तरांच्या हातात गुलाम आणि नव्वी, म्हणजे दोन जोड्या, आणि त्यांनी चाळीस खिळे लावले. बाइंडरकडे दश्शी आणि सत्ती होती. सातापासून गुलामापर्यंत सलग पाच, म्हणजे तो भारी. मास्तर हरले. दुसऱ्या एका डावात त्यांच्याकडे राजाची जोडी होती, शाईनानाकडे नुसती हूल, आणि मास्तरांनी हूल खरी मानून पानं टाकली. तेव्हाही वाटप त्यांचंच होतं. असे डाव एक-दोन नव्हते, पंचवीसतीस होते. बाईंनी सगळ्या वर्षाची बेरीज केली. मास्तर जिंकलेही नव्हते आणि हरलेही नव्हते. अलीकडे ते फार जिंकायचे, असं तिघंही छातीठोकपणे सांगत होते. ते जिंकणं त्यांच्या आठवणीत होतं, वहीत नव्हतं.

मग त्यांनी शेवटचं पान काढलं. नव्या कॅटचे चार डाव. मास्तरांची पानं, राजा-राणी. टाकली. सत्ती-दुर्री. टाकली. दोन दश्श्या. टाकल्या. दोन एक्के. टाकले. जुन्या कॅटच्या सबंध वर्षात त्यांनी एवढी चांगली पानं पहिल्या फटक्यात एकदाही टाकली नव्हती.

बाईंनी टोचलेला एक्का हातात धरला. वाटताना कॅट डाव्या तळहातावर असतो आणि अंगठा पानाच्या पाठीवर. पाठीकडून तर काही जाणवत नव्हतं. उंचवटा चित्राच्या बाजूला होता, आणि तोही एकाच कोपऱ्यात. पान आपल्याकडे तोंड करून धरलं, कोपरा हाती लागेपर्यंत फिरवलं, तरच अंगठा तिथं टेकत होता. त्यांनी तसंच धरून बघितलं, मग दुसरं पान, मग तिसरं.

संध्याकाळी पाचला त्या चौकात गेल्या. कोपऱ्यावर एक चावीवाला बसतो, सगळं त्याच्यासमोर घडलेलं. त्याची साक्ष गावात सगळ्यांना पाठ होती. मास्तर कडेला चारपाच मिनिटं मान खाली घालून उभे होते, जणू मनातल्या मनात काही म्हणत होते. मग सरळ चालायला लागले. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. गाडीच्या ड्रायव्हरनंही हेच सांगितलं होतं, की म्हाताऱ्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाईंनी त्याला वेगळंच विचारलं. ते उभे होते त्या चारपाच मिनिटांत रस्त्यानं काय काय गेलं? चावीवाल्यानं डोकं खाजवलं. दोन ट्रक गेले, लोखंड भरलेले. एक बस गेली. एक फटफटी. मग जरा सामसूम झाली, आणि मग हे निघाले.

आणि ज्या गाडीखाली गेले ती?

डेअरीची, तो म्हणाला. ती नवीन आली आहे ना, ती.

बाईंनी घड्याळ बघितलं. ती गाडी रोज याच वेळी जाते का, त्यांनी विचारलं, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मास्तरांच्या घरी गेल्या. लेक औषधं आणायला बाहेर गेली होती. आई खिडकीजवळ शिवणयंत्रासमोर बसलेली. यंत्रावर कापड नव्हतं. आयुष्यभर काजं करून दिली या बाईनं, गावातल्या तिन्ही शिंप्यांचे शर्ट हिच्या हाताखालून जायचे. सुयांची उशी तशीच शेजारी पडलेली होती.

तपासनीसबाई फार गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली, कॅटमधला एक्का काढून यंत्रावर ठेवला.

"सुई तुमची ना?"

आईनं पानाकडे पाहिलं. मग हात पुढे करून अंगठ्यानं कोपरा चाचपला. तीन आठवड्यांत न फुटलेला आवाज आधी नुसता खरखरला.

"दोन रात्री लागल्या," त्या म्हणाल्या. "मीच टोचले. मीच घालवलं त्यांना."

आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून मास्तरांच्या नजरेच्या मध्यावर धूर साचत चालला होता. कडेकडेचं दिसायचं. माणूस आहे एवढं कळायचं, पण तोंडाच्या जागी राखाडी ठिपका. डॉक्टर म्हणाले, याला उपाय नाही. ज्याच्या नजरेतून चाळीस वर्षांत एक अनुस्वार सुटला नव्हता, त्याला वर्तमानपत्राचा मथळा वाचता येईना. त्यांनी बायकोला शपथ घातली, की कुणाला सांगायचं नाही. लेकीला तर मुळीच नाही. लेकीनं कधीच सांगून ठेवलेलं होतं, की तुम्हा दोघांपैकी कुणाला काही झालं तर त्याच दिवशी घर बंद करून माझ्याकडे घेऊन जाईन. बिचारीनं मायेनंच म्हटलं होतं ते. पण मास्तरांना हे गाव सोडायचं नव्हतं, आणि रविवार सोडायचा नव्हता.

उघडी पानं कानांवर येत होती. अडत होतं ते झाकल्या दोन पानांवर. तेवढ्यासाठी मग सुई.

तपासनीसबाईंनी विचारलं, तुम्ही हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत? लबाड म्हणून नाव खराब होऊ दिलंत?

आईनं मान हलवली. शपथ होती. शिवाय ते एकदा बोलले होते, ज्या दिवशी हे लोकांना कळेल त्या दिवशी मी जगणार नाही. त्या दिवशी खुणा सापडल्या. आज ना उद्या त्या कशासाठी होत्या तेही कळलंच असतं. माझ्याच सुईनं ते उघडे पडले, आणि बोलल्याप्रमाणे करून गेले. आता सांगून काय मिळणार होतं?

दारात लेक उभी होती. औषधांची पिशवी तिच्या हातात तशीच होती, आणि तिनं किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला सांगितलं नाही," ती म्हणाली. "माझ्यापासून लपवलं?"

बाईंनी तिला बसवलं. म्हणाल्या, रड, पण जरा वेळानं. आधी जाऊन त्या तिघांना बोलावून आण. अर्धंच झालं आहे.

५

तिघं आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. बाईंनी वही उघडली.

हे बघा, त्या म्हणाल्या, मी चार दिवसांची खेळाडू, चुकलं तर सांगा. लबाडाला दुसऱ्याची पानं कळतात. ज्याला दुसऱ्याची पानं कळतात तो बाइंडरच्या सलग पाचांवर चाळीस खिळे उधळत नाही, आणि शाईनानाच्या हुलीला घाबरून राजाची जोडी टाकत नाही. ही खूण पाठीवर नाही, तोंडावर आहे. ती वाटताना लागत नाही, धरल्यावर लागते. वर्षभर या माणसाला फक्त एकाच माणसाची पानं कळत होती, त्याची स्वतःची.

आता तुमची परीक्षा. नवा कॅट काढलात, अगदी योग्य केलंत. पण उत्तर चुकीचं वाचलंत. लबाडाच्या खुणा काढून घेतल्या तर तो तुमच्याआमच्यासारखा साधा खेळाडू होतो. साध्या खेळाडूच्या हातात दोन एक्के आले तर तो काय करतो?

"लावतो," शाईनाना हळूच म्हणाला.

लावतो. टाकतो कोण? ज्याला आपल्या हातात काय आहे ते कळतच नाही, तो. त्यांनी पानं फिरवली असतील, अंगठा चोळला असेल, खूण लागली नसेल. राजा-राणी, दश्श्या, एक्के, सगळं त्यांच्यासाठी सारखंच होतं. मास्तरांना दिसत नव्हतं. तुमच्यासमोर वर्षभर दिसत नव्हतं, आणि तुम्हाला लबाडी तेवढी दिसली.

बाइंडरनं वही ओढून शेवटचं पान काढलं. शाईनाना त्यावर वाकला. कंपोझिटर मात्र हललाच नाही. बाईंना कळलं, की तो एक पाऊल पुढे जाऊन पोचला आहे.

"मी दर रविवारी त्यांचा हात धरून चौक ओलांडायचो," तो म्हणाला. "गप्पांच्या नादात. आणि त्या दिवशी मी म्हणालो, येत नाही." मग तो आईकडे वळला. "वहिनी, मला सांगायचं होतंत. मी जन्मभर हात धरला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही धरतच होतात. तो मित्राचा हात होता. कळल्यावर धरला असतात तर तो आंधळ्याला धरलेला हात झाला असता. त्यांना ते नको होतं."

कंपोझिटरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीच मारलं त्यांना, असं काहीतरी तो पुटपुटत होता. त्याला कुणी नाही म्हटलं नाही. तपासनीसबाईंनी तीस वर्षं चूक कुणाची ते ठरवण्याचं काम केलं होतं, पण या खोलीत कुणाच्या नावापुढे काय लिहायचं, ते त्यांना सुचेना. सगळ्यांनीच त्या माणसाला जीव लावला होता, आणि सगळ्यांनी मिळून त्याला त्या चौकात एकटं उभं केलं होतं.

पण त्या आल्या होत्या ते दुसऱ्याच कामासाठी. त्यांनी खुर्ची आईच्या समोर ओढली.

आता मला चौकाचं सांगू द्या, त्या म्हणाल्या. लोक म्हणतात, मान खाली घालून उभे होते. म्हणतात, कुणाकडे न बघता चालायला लागले. बघून काय मिळणार होतं त्यांना? ते ऐकत होते. त्यांच्यासमोरून लोखंडाचे दोन ट्रक गेले. बस गेली. मरायला निघालेल्या माणसाला याहून काय हवं असतं? त्यांनी ते ट्रक जाऊ दिले. बस जाऊ दिली. फटफटी जाऊ दिली. रस्ता शांत होईपर्यंत चारपाच मिनिटं वाट पाहिली, आणि मगच पाऊल उचललं.

"मग गाडी?" लेकीनं विचारलं.

डेअरीची गाडी बॅटरीवर चालते. तिला आवाजच नाही. मी काल तिथं डोळे मिटून उभी राहिले होते. चावीवाल्याला सांगितलं होतं, की ती समोरून गेली की हाक मार. त्यानं हाक मारली तेव्हा मला वाटलं, हा चुकला, अजून काही आलंच नाही. डोळे उघडले तर गाडी पुढच्या वळणापाशी होती.

बाईंनी हे सगळं आईकडे बघत सांगितलं. आई ऐकत होत्या, पण डोळे कुठंतरी लांब होते. बाईंना वाटलं, पोचलं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा, अगदी सावकाश, सांगायला सुरुवात केली, की ते मरायला उभे नव्हते, ते रस्ता ओलांडायला उभे होते.

"पलीकडे," आई म्हणाल्या.

हो, पलीकडे.

"पलीकडे तर आपलं घरच आहे." त्या थांबल्या. लेकीचा हात चाचपून त्यांनी घट्ट धरला. "म्हणजे ते घरी येत होते."

घरीच येत होते, बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्या रडल्या. तीन आठवड्यांचं साठलेलं रडणं एकदम बाहेर आलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं. लेकीनं त्यांना कुशीत घेतलं आणि तीही रडू लागली. तिघं म्हातारे माना खाली घालून उभे होते. तपासनीसबाई उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी पाणी भरलं, आणि पेले घेऊन बाहेर यायच्या आधी ओट्याला टेकून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.